घरच्या कार्यशाळेत कोरीव लाकडी टेबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताने कोरलेले टेबल घरीच करू पाहणाऱ्या हौशी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे; एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मापे वखारीत आणि सुतारांमध्ये चालतात तशी, म्हणजे बहुतेक ठिकाणी इंच आणि सूत यांत आहेत. आठ सुतांचा एक इंच होतो.

१. मी पहिल्यांदाच असे काम करणार आहे. कोणते टेबल निवडावे?

टीपॉय निवडावा. जेवणाचे टेबल जमिनीपासून २९ ते ३० इंच उंच असते, त्यावर माणसे हात टेकून बसतात, ते ओढले-ढकलले जाते, आणि त्याच्या सांध्यांवर येणारा ताण नवशिक्याच्या कामाला सहसा झेपत नाही. टीपॉयची उंची १६ ते १८ इंच पुरते, पाय आखूड असल्याने डगमग कमी राहते, आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर नेमकी त्याच्या बाजूच्या पट्टीवर पडत असल्यामुळे केलेली नक्षी दिसतेही. पुढील उत्तरांत उदाहरणासाठी ४२ इंच लांब, २१ इंच रुंद आणि १७ इंच उंच असा टीपॉय धरला आहे. त्याला चार पाय, पायांना जोडणाऱ्या ४ इंच रुंदीच्या चार आडव्या पट्ट्या आणि वर एक इंच जाडीचा टॉप आहे.

२. मी फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनीत हे काम करता येईल का?

करता येईल, मात्र लाकूड चिरणे आणि मशीनवर रंधणे ही दोन कामे वखारीतच किंवा सॉ मिलमध्ये उरकून आणावीत. घरी उरते ते हातकरवत, हातरंधा आणि पटाशीचे काम. लाकडी हातोड्याचा आवाज धातूच्या हातोडीपेक्षा बराच मऊ असतो, तरी तो भिंती आणि स्लॅबमधून खालच्या घरात पोहोचतो. कामाच्या टेबलाच्या पायांखाली जाड रबर ठेवल्यास फरक पडतो, आणि दुपारी दोन ते चार ही वेळ टाळल्यास शेजाऱ्यांशी संबंधही चांगले राहतात. जागेपेक्षा पकड महत्त्वाची आहे. लाकूड वाईसमध्ये (टेबलाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्यात) किंवा दोन क्लॅम्पनी घट्ट धरलेले नसेल, तर एक हात लाकूड धरण्यात अडकतो आणि पटाशी निसटली की नेमकी त्याच हातावर येते. बाल्कनीत उन्हाचा थेट झोत येत असेल, तर काम संपल्यावर लाकूड आत घ्यावे, कारण एकाच बाजूने तापलेली फळी एका दुपारीत वाकते.

३. कोणते लाकूड घ्यावे? सागाशिवाय पर्याय नाही का?

पर्याय आहेत, परंतु साग वरचढ ठरतो याला कारणे आहेत. साग वाळल्यावर फार हलत नाही, वाळवी आणि दमटपणा यांना दाद देत नाही, आणि नक्षीच्या कडा त्यात टिकतात. महाराष्ट्रात चंद्रपूर, बल्लारपूर, आलापल्ली या पट्ट्यातील सागाला मोठा मान आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच साग गेला होता. सागाचा दोष एवढाच की त्यात सिलिका असते आणि त्यामुळे पटाशीची धार लवकर जाते (प्रश्न ९ पाहा).

शिवण हे लाकूड हौशी मंडळींकडून दुर्लक्षित राहते, हे खटकते. ते फिकट रंगाचे, हलके आणि पटाशीखाली लोण्यासारखे कापले जाणारे आहे, वाळल्यावर फारसे वाकत नाही, आणि सागापेक्षा स्वस्त पडते. सरावासाठी आणि पहिल्या टीपॉयच्या पट्ट्यांसाठी ते उत्तम आहे. शिसव जड, गडद आणि अतिशय देखणी असते, पण कठीण असल्यामुळे नवशिक्याचा हात त्यात लवकर थकतो, शिवाय तिच्याबाबत कायद्याची बाजूही पाहावी लागते (प्रश्न २२). आंब्याचे लाकूड सहज मिळते आणि बरे कोरले जाते, पण त्याला कीड फार लवकर लागते (प्रश्न १९). प्लायवूड आणि एमडीएफ यांवर पटाशीने नक्षी होत नाही. प्लायवूडचे थर उलट्यासुलट्या रेषांचे (लाकडाच्या तंतूंच्या दिशांचे) असल्याने सोलून निघतात, आणि एमडीएफला रेषाच नसल्याने त्याच्या कडा भुरभुरतात.

कोणतेही लाकूड घेताना फळीचा गाभ्याकडचा गडद भाग निवडावा. सालीलगतचे फिकट लाकूड सागाचे असले तरी किडीला बळी पडते.

४. वखारीत लाकूड घनफुटात सांगतात. मला किती लागेल हे कसे काढावे?

जाडी आणि रुंदी इंचात, लांबी फुटात घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १४४ ने भागावे. आपल्या टीपॉयचा टॉप १ × २१ × ३.५ म्हणजे सुमारे ०.५१ घनफूट, अडीच इंची चार पाय मिळून सुमारे ०.२५, आणि चार पट्ट्या मिळून सुमारे ०.२४. एकूण एक घनफूट होते. त्यावर रंधण्याची घट, गाठी आणि चिरा वगळण्यासाठी किमान एकतृतीयांश जास्त धरावे. नक्षीच्या कामात ही घट आणखी वाढते, कारण साध्या टेबलाला चालणारी एखादी गाठ नेमकी पाकळीच्या मध्यात आली तर ती फळी टाकून द्यावी लागते. भाव विचारताना तो कच्च्या मापाचा आहे की रंधलेल्या मापाचा, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. वखारीतील बहुतेक वाद येथेच होतात.

५. लाकूड पुरेसे वाळले आहे हे कसे ओळखायचे? वखारवाले तर नेहमीच “एकदम ड्राय आहे” म्हणतात.

आर्द्रता मोजण्याचे दोन सुयांचे छोटे मीटर मिळते, आणि एवढ्या मेहनतीच्या कामासाठी ते घेणे योग्य ठरते. देशावर १० ते १२ टक्के आणि कोकणात १२ ते १४ टक्के आर्द्रता दिसली, तर काम सुरू करण्यास हरकत नाही. सुया फळीच्या टोकाला न खुपसता मध्यावर, शक्यतो नुकत्याच कापलेल्या भागावर टेकवाव्यात, कारण टोके आणि पृष्ठभाग आतल्या लाकडाच्या आधी वाळतात आणि फसवे आकडे दाखवतात.

मीटर नसेल, तर फळीचा छोटा तुकडा कापून स्वयंपाकघरातील अचूक काट्यावर तोलावा, ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोड्या वर काही तास ठेवावा आणि वजन घटायचे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलावा. घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणले की टक्केवारी मिळते. नुसते उघड्यावर रचून वाळवायचे असेल, तर एक इंच जाडीला साधारण एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे. वाळलेले लाकूडही घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे, मध्ये पट्ट्या ठेवून, जेथे टेबल राहणार आहे त्याच खोलीत ठेवावे.

६. जुन्या वाड्याचे लाकूड मिळते आहे. ते वापरावे का?

मिळत असेल तर सोडू नये. तुळया, कडीपाटाच्या फळ्या, दारांच्या चौकटी यांत आलेला साग अनेक दशके वाळलेला असतो, आणि तसा घट्ट रेषांचा साग आज नव्या मालात क्वचितच दिसतो. अडचण खिळ्यांची आहे. वरचे डोके तुटून आत राहिलेला लोखंडी खिळा डोळ्यांना दिसत नाही, पण पटाशीची धार क्षणात तोडतो. ताकदीचे लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून सावकाश फिरवावे आणि जेथे ते ओढले जाईल तेथे खडूने खूण करावी. लाकडावर निळसर-काळा डाग दिसला, तर त्याखाली लोखंड आहे असेच समजावे. चुन्याचा थर तारेच्या ब्रशने आधी काढावा. रंध्याच्या पात्याला तो वाळूइतकाच घातक असतो. एक इशारा मात्र द्यावासा वाटतो: ज्या तुकड्यावर आधीच जुनी नक्षी आहे, तो कापून टेबल करू नये. तो जसा आहे तसा भिंतीवर लावावा.

७. आमच्या शेताच्या बांधावर सागाचे झाड आहे. ते तोडून वापरता येईल का?

झाड स्वतःच्या जमिनीत असले, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस अशी झाडे आहेत आणि त्यांच्या तोडीसाठी आधी अर्ज करावा लागतो. तोडलेला साग गावाबाहेर नेण्यासाठी वन विभागाचा वाहतूक परवानाही लागतो. शहरी हद्दीतील झाडांना १९७५ चा वेगळा कायदा लागू आहे. वादळात पडलेल्या झाडाबाबतही पंचनामा झाल्याशिवाय त्याला हात लावू नये. ताजे झाड तोडले, तर त्याचे टेबल पुढच्या वर्षीच्या आधी होणार नाही, हेही लक्षात ठेवावे (प्रश्न ५).

८. सुरुवातीला किती आणि कोणती हत्यारे घ्यावीत?

वीस-पंचवीस पटाश्यांचे चकचकीत संच घेऊ नयेत. त्यांतील निम्म्या कधीच वापरल्या जात नाहीत आणि पोलाद हलके असते. सांधकामासाठी एक हातकरवत, एक रंधा, गुण्या, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ आखण्याचे साधन) आणि ६, ८, १२ व २० मि.मी. अशा चार सरळ पटाश्या पुरतात. कोरण्यासाठी जवळपास सपाट (क्र. ३), मध्यम गोलाईची (क्र. ५), खोलगट (क्र. ७), अर्धवर्तुळाकार (क्र. ९) आणि व्ही आकाराची अशा पाच चांगल्या पटाश्या घ्याव्यात. क्रमांक जसा वाढतो तशी पात्याची गोलाई वाढते. सोबत एक लाकडी हातोडा, दोन-चार क्लॅम्प आणि धार लावण्याचे दगड एवढे हवे. नक्षी ठरल्यानंतर एखादी खास गोलाई लागलीच, तर ती एकच पटाशी नंतर घ्यावी.

९. पटाशीला धार आहे, तरी लाकूड फाटते. काय चुकते?

बहुधा धार पुरेशी नसते. नव्या पटाशीला कारखान्यातून आलेली धार ही धारेची केवळ सुरुवात असते. १००० क्रमांकाच्या पाणदगडावर कोन बसवून घ्यावा, ४००० ते ६००० च्या दगडावर तो चकचकीत करावा आणि शेवटी हिरवी पॉलिश पेस्ट लावलेल्या चामड्यावर पटाशी मागे ओढावी. सांधकामाच्या पटाशीला २५ ते ३० अंशांचा आणि कोरण्याच्या पटाशीला २० अंशांच्या आसपासचा कोन ठेवावा. गोल पटाशी दगडावर सरळ न ओढता मनगट फिरवत घासावी, अन्यथा तिचा मध्यभाग झिजून कोपरे पुढे येतात.

धारेची परीक्षा बोटावर करू नये. पाइन किंवा शिवणीच्या मऊ तुकड्यावर, रेषांना आडवी, एक ढलपी काढून पाहावी. मऊ लाकूड आडरेषेत जर चुरडल्याशिवाय कापले गेले आणि मागे चकाकणारी खाच उरली, तर धार खरी. सागावर काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी चामड्यावर पटाशी मारण्याची सवय लावली, की दगडाकडे जाण्याची वेळ फार क्वचित येते. एवढे करूनही लाकूड फाटत असेल, तर रेषांची दिशा चुकते आहे (प्रश्न १३).

१०. आधी नक्षी करावी की आधी सांधे?

आधी सांधे, मग कोरडी जुळणी, मग नक्षी, आणि सर्वांत शेवटी गोंद. हा क्रम बदलू नये. नक्षी केलेल्या पट्टीला नंतर कुसू (पायातील भोकात बसणारे पट्टीचे टोक) काढायला गेल्यास ती वाईसमध्ये धरताना पाकळ्या चेपतात, आणि कुसू एक सूत जरी चुकला तरी सगळी नक्षी पायाच्या तुलनेत सरकलेली दिसते. आधी गोंद लावून चौकट उभी केली, तर पायाजवळच्या कोपऱ्यांत पटाशी फिरवायला जागाच उरत नाही.

कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या साधारण एकतृतीयांश ठेवावी. रंधून सात सूत उरलेल्या पट्टीला ८ मि.मी. जाडीचा आणि सव्वा इंच लांबीचा कुसू योग्य होतो. पायात दोन बाजूंनी येणारे कुसू आत एकमेकांना भिडतात, म्हणून त्यांची टोके तिरकी कापावीत. भोक आधी पाडावे आणि कुसू त्याप्रमाणे सोलत आणावा. तो हाताने ढकलून जाईल पण उलटा धरल्यावर गळून पडणार नाही, इतपत घट्ट असावा.

११. नक्षी नेमकी कुठे करावी आणि किती खोल?

टॉपवर करू नये, असे स्पष्ट मत आहे. टॉपवरील नक्षीत चहा, साखर आणि धूळ बसते, कप डगमगतो, आणि शेवटी वर काच टाकावी लागते. काच टाकायचीच असेल, तर नक्षी हाताला लागत नाही आणि उजेडाच्या चकाकीत नीट दिसतही नाही. टॉपच्या कडेवर एखादी साधी गोलाई पुरे. नक्षीची खरी जागा म्हणजे बाजूच्या पट्ट्या आणि पायांचा खालचा दोन-तृतीयांश भाग.

सात सूत जाडीच्या पट्टीवर दोन सुतांपेक्षा खोल जाण्याची गरज नसते. खोलीपेक्षा उजेड-सावलीचा फरक नक्षी उठवतो, आणि दीड सूत खोल पण स्वच्छ कडांची पाकळी तीन सूत खोल व खरबरीत पाकळीपेक्षा केव्हाही सरस दिसते. पायाचा वरचा चार इंचांचा भाग मात्र सपाट सोडावा. त्या भागात आत दोन बाजूंची भोके आहेत, आणि बाहेरून दोन सूत कोरले तर भोकाची भिंत जेमतेम ४ मि.मी. उरते. टेबल उचलताना ती फुटते.

१२. नक्षी कोणती निवडावी आणि ती लाकडावर कशी उतरवावी?

इंटरनेटवरील दाट वेलबुट्टी पाहून मोहात पडू नये. आपल्याकडील वाड्यांच्या नक्षीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा (१८०७) दर्शनी भाग रस्त्यावर उभे राहून नीट पाहावा: सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, त्यांच्यामधल्या महिरपी, खाली लोंबणारी केळफुले. त्यातील बहुतेक घटक मोजक्या गोलाईच्या पटाश्यांनी होणारे आहेत आणि पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे हात बसतो. टीपॉयच्या पट्टीसाठी मध्यभागी अर्धे कमळ आणि दोन्ही बाजूंना साधा वेल एवढे पुरेसे आहे. कारागिराची एक जुनी युक्ती अशी की नक्षीतील गोलाई आपल्याकडच्या पटाशीच्या गोलाईवरूनच आखावी, म्हणजे एका दाबात पाकळीची कड उमटते.

उतरवताना नक्षीचा अर्धाच भाग ट्रेसिंग पेपरवर काढावा आणि कार्बन पेपरने एकदा सरळ, एकदा उलटा उमटवावा. दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात. जेथून लाकूड काढायचे आहे तो सगळा भाग पेन्सिलीने भरून टाकावा. काम रंगात आले की कोणता भाग ठेवायचा होता हे विसरले जाते.

१३. कोरण्याचा क्रम काय? पाकळी कशी कोरायची?

प्रथम व्ही पटाशीने रेषेच्या किंचित बाहेरून खाच ओढावी. नंतर रेषेवर पाकळीच्या गोलाईची पटाशी उभी धरून हातोड्याने हलका ठोका द्यावा. पटाशीचे टोक पाकळीखाली शिरेल अशी ती कधीही झुकवू नये, मूठ किंचित आत, म्हणजे पाकळीकडे, कलती ठेवावी. त्याने पाकळी बुडाशी रुंद राहते आणि मजबूत होते. रेषांच्या दिशेने जाणाऱ्या कडेवर ठोका अगदी हलका द्यावा, कारण तेथे पटाशी पाचरीसारखी काम करून लाकूड चिरते. मग सपाट पटाशीने बाहेरून पाकळीकडे येत मधली जमीन, म्हणजे नक्षीमागची मोकळी पार्श्वभूमी, खाली न्यावी. पूर्ण खोली एका दमात न गाठता, उभा ठोका आणि आडवी ढलपी असे दोन-तीन वेळा करत जावे.

पाकळीला आकार देताना सगळा खेळ रेषांचा असतो. तिरक्या पडलेल्या पाकळीची एक बाजू टोकाकडून देठाकडे येताना स्वच्छ कापली जाते, तर दुसरी बाजू देठाकडून टोकाकडे जाताना. दिशा बरोबर असेल, तर ढलपी वळत बाहेर येते, आवाज एकसारखा येतो आणि मागे तेल लावल्यासारखी चकाकी उरते. दिशा चुकली, की आवाज बदलून तडतड होते आणि पृष्ठभाग पांढरट, केसाळ दिसू लागतो. अशा वेळी जोर न लावता पटाशी उचलावी आणि उलट दिशेने यावे. पाकळीच्या मध्यावर, जेथे दोन्ही दिशा भेटतात, तेथे क्र. ५ची पटाशी किंचित तिरकी सरकवत कापावी.

जमीन कितीही सपाट केली, तरी ती थोडी उंचसखल राहतेच. जाड खिळ्याचे टोक बोथट करून त्यावर कानशीने बारीक चौकटी पाडाव्यात आणि त्याचा ठसा जमिनीवर एकसारखा उमटवावा. दाणेदार जमिनीवर पाकळ्या उठून दिसतात आणि उंचसखलपणा लपतो. घासकागद नक्षीवर शक्यतो वापरू नये: त्याने कडा बोथट होतात, आणि लाकडात अडकलेले त्याचे कण पुढे पटाशीची धार खातात.

१४. कोरताना पाकळीचे टोक उडाले. आता पट्टी फेकायची का?

मुळीच नाही. प्रथम काम थांबवून उडालेला तुकडा शोधावा; ढलप्यांत तो सापडतो. तुटलेली जागा बोटाने न पुसता तुकड्यावर थोडा गोंद लावून तो जागी बसवावा, चिकटपट्टीने आवळावा आणि दुसऱ्या दिवशीच त्यावर पटाशी चालवावी. तुकडा हरवला असेल, तर त्याच फळीचा, त्याच दिशेच्या रेषांचा थोडा मोठा तुकडा चिकटवून पुन्हा कोरावे. गोंदात भुसा कालवून भरलेला खड्डा पॉलिशनंतर गडद डाग होऊन उठून दिसतो, म्हणून ते टाळावे. आडव्या पट्टीवर उभ्या पाकळ्या असतील, तर त्यांच्या टोकाशी लाकडाचे तंतू आखूड पडतात आणि टोके उडण्याचा धोका कायम राहतो. अशा टोकांना फार अणकुचीदार न करता जमिनीशी जोडलेलेच ठेवावे.

१५. टॉप चौकटीवर खिळ्यांनी ठोकून पक्का केला, तर काय बिघडेल?

पहिल्याच उन्हाळ्यात तो तडकेल. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलते. सागाचा २१ इंच रुंद टॉप एप्रिलच्या कोरड्या हवेपासून जुलैच्या दमट हवेपर्यंत साधारण दोन सूत फुगू शकतो. फळ्या गाभ्याच्या दिशेने उभ्या चिरलेल्या असतील, तर एक सूत. ही हालचाल थांबवता येत नाही, तिला वाट करून द्यावी लागते. चौकटीच्या आतल्या बाजूला खाच पाडून त्यात लाकडी अडकण सरकवावे आणि ते फक्त टॉपला स्क्रूने आवळावे. किंवा लोखंडी पट्टी वापरायची असेल, तर तिचे भोक लांबट करावे. रुंदीच्या (आखूड) बाजूच्या मध्यभागी अडकण घट्ट आवळले, तरी चालते. टॉप फुगला तर दोन्ही बाजूंना सारखा फुगतो.

टॉपच्या टोकांना शोभेसाठी आडवी पट्टी गोंदाने पूर्ण चिकटवण्याची हौस अनेकांना असते. तीही याच कारणाने अंगाशी येते.

१६. साग गोंदाने नीट चिकटत नाही, असे ऐकले. खरे आहे का?

अर्धे खरे आहे. सागात नैसर्गिक तेलकटपणा असतो आणि रंधल्यावर काही दिवसांत तो पृष्ठभागावर येतो. त्यामुळे सांधा ताजा रंधलेला असावा, किंवा गोंद लावण्याच्या अगदी आधी तो ॲसिटोनने पुसून कोरडा करावा. मग साधा पांढरा फेविकॉलसुद्धा उत्तम धरतो. कोकणात पाण्याला टिकणारा प्रकार घ्यावा. क्लॅम्प इतका आवळू नये की सगळा गोंद बाहेर येईल, आणि बाहेर आलेला गोंद नक्षीत ओघळू देऊ नये. वाळलेल्या गोंदाचा डाग पॉलिश पीत नाही आणि पाकळीवर पांढरट ठिपका म्हणून कायमचा राहतो. सांध्याजवळच्या नक्षीवर आधीच मेणाचा हात द्यावा किंवा चिकटपट्टी लावावी.

१७. शेवटचा हात कशाचा द्यावा: लाखेचे पॉलिश, तेल की पीयू (पॉलियुरेथेन वार्निश)?

एकाच टेबलावर दोन प्रकार वापरण्यास काहीच हरकत नाही, आणि तेच योग्य आहे. नक्षीवर चपडा लाखेचे पातळ पॉलिश सुंदर दिसते: एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण १२० ग्रॅम चपडा भिजवून, गाळून, मऊ ब्रशने दोन-तीन पातळ हात द्यावेत. जाड थराने पाकळ्यांच्या खाचा भरतात आणि नक्षी प्लॅस्टिकसारखी दिसू लागते. मात्र लाखेला उष्णता आणि स्पिरिट सोसत नाही, गरम कपाचा पांढरा वण उठतो, म्हणून टॉपवर पीयू द्यावे. नुसते जवसाचे तेल दिल्यास सागाचा रंग खुलतो, पण ते वाळायला दिवस लागतात आणि तेलाच्या चिंध्यांची काळजी घ्यावी लागते (प्रश्न १८).

पावसाळ्यात लाखेचे पॉलिश करू नये. दमट हवेत स्पिरिट उडताना हवेतले पाणी थरात अडकते आणि पृष्ठभाग धुरकट पांढरा होतो. तसे झालेच, तर कोरड्या दिवशी स्पिरिटचा अगदी हलका हात फिरवल्याने तो बहुधा निवळतो. टॉपच्या खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात द्यावेत, नाहीतर दोन्ही बाजू हवेतील ओल कमी-अधिक शोषतात आणि टॉप वाकतो.

१८. या कामात आरोग्याला आणि घराला कोणते धोके आहेत?

लाकडाची बारीक धूळ हा पहिला धोका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला मानवी कर्करोगाच्या सिद्ध कारणांमध्ये गणले आहे. शिवाय साग आणि शिसव यांच्या धुळीने काहींना त्वचेवर पुरळ किंवा दमा होतो. ढलप्या त्रास देत नाहीत, घासकामाची धूळ देते. म्हणून घासताना एन-९५ मुखपट्टी लावावी आणि झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे.

दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर तेल वाळताना उष्णता निर्माण होते, ती बाहेर पडू शकत नाही आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. काम संपताच त्या एक-एक करून बाहेर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

१९. टेबलाखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसतो. काय करावे?

बारीक भोकांखाली ताजा, पिठासारखा भुसा पडत असेल, तर आत कीड जिवंत आहे. जुनी भोके असून भुसा पडत नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. खात्रीसाठी खाली काळा कागद ठेवून काही दिवस पाहावे. आंबा, शिवण आणि कोणत्याही लाकडाचा फिकट भाग यांना हा त्रास अधिक होतो, म्हणून असे लाकूड पॉलिशच्या आधीच, कोरे असताना, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून किंवा त्याचे दोन-तीन हात देऊन पुन्हा वाळू द्यावे. पॉलिश केलेल्या लाकडात हे द्रावण शिरत नाही. तेव्हा टेबलाची खालची कोरी बाजू आणि भोके हाच मार्ग उरतो.

२०. सांगाडा सुताराकडून आणि नक्षी सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कोरीव यंत्रावर) करून घेतली, तर ते “हाताने केलेले” म्हणता येईल का?

सांगाडा सुताराकडून करून घेण्यात काहीही कमीपणा नाही. नक्षी शिकायची असेल, तर उलट तोच शहाणपणाचा मार्ग आहे. फक्त त्यांना सांध्यांना गोंद न लावता सगळे भाग सुटे द्यायला आणि पायांना नक्षीपुरते अधिक लाकूड ठेवायला सांगावे (प्रश्न १० आणि ११). सीएनसीबाबत मत वेगळे आहे. यंत्राने खोली काढून पटाशीने कडा स्वच्छ केल्या, तर काम देखणे होते. पण विकताना ते तसेच सांगावे. यंत्राचा गोल फिरणारा बिट आतले कोपरे नेहमी गोल ठेवतो, आणि जाणकार माणूस पाकळ्यांच्या सांध्यात नेमके तेच पाहतो.

२१. टेबलावर गणपती किंवा ॐ कोरावा का?

हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मात्र टीपॉयची पट्टी पायांच्या उंचीवर येते, आणि घरी आलेल्या ज्येष्ठांना ते खटकण्याची शक्यता असते. कमळ, केळफूल, मोर, आंब्याची कोयरी यांवर कोणाचा आक्षेप नसतो. देवतेची आकृती कोरायचीच असेल, तर चौरंग करावा.

२२. मुलगी परदेशात असते. टेबल तिच्याकडे पाठवता येईल का?

सागाचे असेल तर सोपे आहे, शिसवीचे असेल तर आधी चौकशी करावी. शिसव आणि शिसम ज्या वंशातील आहेत, तो डाल्बर्जिया वंश २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तयार वस्तूंना त्यातून सवलत आहे, पण ती एका खेपेत त्या लाकडाचे वजन १० किलोपर्यंत असेल तरच. एक घनफूट शिसवीचे वजन सुमारे २४ किलो भरते, त्यामुळे आपल्या मापाचा शिसवी टीपॉय या मर्यादेत बसत नाही आणि त्यासाठी कागदपत्रे लागतात. साग या परिशिष्टात नाही.

लाकूड कोणतेही असले, तरी खोक्याचे लाकूडही तपासले जाते. कोऱ्या लाकडाच्या पेटीवर ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का असावा लागतो. प्लायवूडच्या पेटीला तो लागत नाही, म्हणून तीच वापरावी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये साल आणि किडीची भोके याबाबत तपासणी विशेष कडक असते, तेव्हा टेबलाच्या आतल्या बाजूला सालीचा पापुद्राही राहू देऊ नये. पाय सुटे पाठवायचे असतील, तर कुसवांना गोंद लावू नये. सांध्यात आडवी लाकडी खुंटी मारण्याची सोय ठेवावी, म्हणजे तेथे गोंद किंवा क्लॅम्प नसला तरी टेबल उभे करता येते.